मालकाचा पगार

१२ नोव्हेंबर
उजव्या मनगटाला प्लास्टर. काल शिरूरला पशुखाद्याच्या गोण्यांवर ताडपत्री आवळताना रस्सी तुटली आणि मी खाली. ट्रक भरलेला, माल लातूरला जायचा. ट्रान्सपोर्टवाले आप्पा म्हणाले, "दीड महिना म्हंजी लय झालं. ड्रायव्हर बघ, माल थांबायचा न्हाई." अकरा वर्षं त्यांचा माल ओढतोय, स्वतःच्या गाडीची चावी कुणाला दिली नव्हती. हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

१३ नोव्हेंबर
ड्रायव्हर मिळाला. सुदाम, खुटबावचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. फेरीला दोन हजार, भत्ता वेगळा. घासाघीस करून पाहिली. "मालक, याच्या खाली कुणी यायचं न्हाई." खरं होतं.
दिवसभर घरात. केडगावात एवढी शांतता असते हे माहीत नव्हतं. मंगल दोन वर्षं चाकणला, आमच्या मुलाकडे, नातीसाठी. मी गाडीवर असायचो, त्यामुळे कळत नव्हतं.

१७ नोव्हेंबर
गाडी रिकामी परत आली, नेहमीसारखी. डिझेल, टोल, हप्ता, टायरचे बाजूला काढले. सुदामचे दिले. उरले दीडशे. पुन्हा मांडलं. दीडशेच.
सुदाम पायरीवर चहा पीत होता. म्हणालो, ड्रायव्हर ठेवून परवडत नाही बाबा. तो सहज म्हणाला, "मंग तुमी चालवत हुता तवा सोताला किती धरत हुता?"
विषय बदलला.

१८ नोव्हेंबर
सकाळपासून डोक्यात तेच. भाडं मीच सांगितलं होतं आप्पांना. त्यात सगळं धरलं. ग्रीससुद्धा धरलं. ड्रायव्हर तेवढा धरला नाही, कारण ड्रायव्हर मीच. खाली जे उरायचं त्याला नफा म्हणायचो आणि मालक म्हणून मिरवायचो. नफा कसला, नुसती मजुरी. रात्रंदिवस चालवलेल्या गाडीची मजुरी.
आप्पांचा राग येत नाही. माझाच येतो. फार येतो.

२१ नोव्हेंबर
मंगलला फोन केला. ऐकून हसली. "अकरा वर्षांनी कळलं व्हय? मी हितं दोन वर्षं पोरगी संभाळतीय, माझा भाव कुणी काढला?" तेवढ्यात नात रडली. ठेवते म्हणाली. हाताचं विचारायचं राहून गेलं तिचं.

२५ नोव्हेंबर
एसटीने शिरूर. वाटेत न्हावऱ्यापर्यंत वाक्य पाठ करत होतो, शाळेतल्यासारखं. आप्पांसमोर बसल्यावर एका दमात बोललो. फेरीमागे दोन हजार वाढवा. ड्रायव्हरचे.
"आरं पर प्लास्टर निघालं की तूच चालवणार ना?"
"मग माझे."
हसायला लागले. "मालकाला कुठं पगार असतो व्हय?"
मी म्हणालो, त्याशिवाय गाडी लावणार नाही. हसू थांबलं. "बरं. बघतो."

२९ नोव्हेंबर
चार दिवस आप्पांचा फोन नाही. माल असो नसो, सकाळी सातला त्यांचा फोन ठरलेला. "उठलास का? गाडी कुठं हाय?" बस, एवढंच. पण दिवसात माझी चौकशी करणारा तेवढा एकच फोन. भाडं मागताना हे लक्षात आलं नव्हतं. सातला उगाच मोबाईल हातात घेऊन बसलो.

८ डिसेंबर
लातूरचा माल न्हावऱ्याच्या एकाने जुन्याच भाड्यात उचलला. त्याचीही गाडी स्वतःची, चालवतोही तोच. चौफुल्याला चहाच्या टपरीवर भेटला. सांगावंसं वाटलं, अरे, स्वतःला धर. नाही सांगितलं. म्हणेल, माल गेला म्हणून जळतोय. आणि जळत तर होतोच.

२४ डिसेंबर
प्लास्टर निघालं. हात वाळक्या शेंगेसारखा. घरी आल्या आल्या केबिनमध्ये चढलो, नुसता बसलो. घरापेक्षा इथे बरं वाटतं. मंगलला हे सांगता येणार नाही.

२६ डिसेंबर
आप्पांचा फोन! सात वाजून दोन मिनिटं. पहिल्याच रिंगला उचलला, खोटं कशाला लिहू.
"न्हावऱ्यावाला येळंवर पोचत न्हाई. सुदामला बसवणार आसशील तर दोन हजार वाढवून देतो. ड्रायव्हर महागला, आसं खाद्याच्या कंपनीला सांगता येतं. पर तू सोता चालवणार आसशील तर जुनंच भाडं. उद्या सांग."
म्हणजे रस्ता तोच, गोण्या त्याच, जागरण तेच. सुदामचे हात असले तर दोन हजार, माझे असले तर फुकट.
सुदामचं नाव सांगून स्वतः चालवता येईल. आप्पांनाही ते चालेल, असं बोलण्यावरून वाटलं. किंवा खरंच सुदामला बसवायचं, आणि मी इथे भिंतींकडे बघत...

२७ डिसेंबर
सातच्या आधी मीच फोन लावला. "आप्पा, गाडी मी चालवणार. माझ्या नावावर. आन् भाडं वाढीवच."
त्यांच्या ऑफिसबाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, तो आवाज येत राहिला. वाटलं, आता ठेवतील.
"च्या घेतला का?"
व्हय म्हणालो. घेतला नव्हता.
भाड्याला ना हो म्हणाले, ना नाही. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. मीही नाही ठेवला, बराच वेळ.