सशाच्या पायातली प्लेट

अकोला
बुधवार, १९ मार्च २०१४

चि. प्राजक्ता हिला सूर्यभानमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे बरं आहे. मामीचा खोकला कमी आहे. आपल्या शेंदूरजनाघाटला मात्र गारपिटीनं मृग बहार झोडपून काढला. झाडाखाली संत्र्यांचा सडा आणि आम्ही व्यापारी हात बांधून उभे. ज्यांच्या विहिरी आधीच आटल्या होत्या, ते बगीचे तोडून राहिले आहेत. असो. फोनवर हे बोलणं जमायचं नाही. तू रडशील, मी चिडेन. माझा श्याम उद्या नागपूरला येतो आहे, तो हे पत्र तुझ्या हातात देईल.

जीप उलटल्यावर नडगीत घातलेली सळई आणि तिच्यावर धरलेला पू, हे तुला मी नव्यानं काय सांगू? दोन वर्षं गोळ्या, इंजेक्शनं. इथले डॉक्टर म्हणतात, रक्तातून औषध त्या जागी पोचतच नाही; पाय गुडघ्याखाली काढा, नाहीतर जहर वर चढेल. आणि माझी भाची तर नेमकं यावरचंच औषध बनवते! टायटॅनियमची प्लेट, तिच्या अंगावर डोळ्याला न दिसणाऱ्या नळ्या, नळ्यांत औषध, तिथल्या तिथे हाडात पाझरणारं. मला ते ऐकताक्षणी पटलं होतं. डिंक्या रोग लागलेल्या झाडाच्या बुंध्यालाच आपण बोर्डोचा मलम लावतो, तसं.

म्हणून संक्रांतीला मी ती प्लेट मागितली. तू म्हणालीस, मामा, ही आजवर फक्त सशांच्या पायात घातली आहे. मी म्हणालो, मग मले ससा समज. तू हसली नाहीस. मी फोन ठेवला, तो परत तुझा उचललाच नाही.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. अमरावतीच्या कॉलेजात तुझं भाषण झालं, तेव्हा मी शेवटच्या रांगेत खांबामागे बसलो होतो. कौतुकानं नाही. सगळ्या डॉक्टरांसमोर उठायचं, पायाची पट्टी सोडून दाखवायची आणि तुला हो म्हणायला लावायचं, असं ठरवून आलो होतो. चारचौघांत सौदा पटवून घ्यायची मला सवयच आहे.

भाषण अर्धं इंग्रजीत, ते डोक्यावरून गेलं. पडद्यावर त्या नळ्या दिसल्या, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. माझ्या पुढचे लोक माना डोलवत होते आणि माझी छाती फुगत होती. मग एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मराठीत विचारलं, माणसात कधी घालणार? मी काठी सावरली, उठायला लागलो.

तू म्हणालीस, "आत्ता नाही. काही सशांत औषध पहिल्याच दिवशी वाहून गेलं. नळ्या रिकाम्या झाल्या आणि पू परत आला. का, ते मला अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत ही प्लेट मी माझ्या घरच्या माणसालासुद्धा घालणार नाही."

माझ्या पुढे दोघे कुजबुजले. एक म्हणाला, "काहून सांगून राहिली हे? झाकून न्यायचं ना."

पोरी, आमच्या बाजारात पेटी उघडली की जाणता माणूस वरचा थर पाहतच नाही, हात थेट तळाशी घालतो. वर रंगदार फळ आणि खाली डागी, हा रिवाजच. मीही तेच करत मोठा झालो. तू मात्र भरल्या सभेत आपली पेटी आपल्या हातानं उलटी केलीस. मी खाली बसलो आणि तुला न भेटताच निघालो. गावाकडे परतायला गाडीत बसल्यावर आपल्या सहदेव ड्रायव्हरला सांगितलं, "माही भाची हाय ते." त्याला काय कळलं असेल कोण जाणे. मोर्शी येईपर्यंत मी तेच सांगत होतो.

मग शनिवारी तुझी आई इथे अकोल्याला दवाखान्यात आली, आनंदानं रडत. म्हणाली, दादा, पोरगी कबूल झाली, पुढच्या रविवारी प्लेट घेऊन येते, तिच्या ओळखीचा डॉक्टर गुपचूप बसवून देईल. कसं कबूल करवलंस, असं मी विचारलं. रुख्मिणी भोळी, सगळं सांगून मोकळी झाली: "म्या म्हनलं तिले, ज्या मामानं वाढवलं त्याचा पाय जाऊन राहिला, अन् तू नाई म्हनतं? लई वेळ बोललीच नाई. मंग हो म्हनली."

ते 'लई वेळ' मला ऐकू आलं.

म्हणून मी सोमवारीच डॉक्टरांना हो म्हणून टाकलं. पाय काढला. गुडघा शाबूत आहे, ताप उतरला आहे, काल वरणभात जेवलो. नसलेला अंगठा खाजतो. पण नसलेल्या मालासाठी जीव टाकणं आम्हा व्यापाऱ्यांना नवीन नाही. तुला कळू द्यायचं नाही, असं तुझ्या आईला मीच बजावलं होतं. तिच्यावर रागावू नकोस. आणि 'माझ्यापायी मामाचा पाय गेला', असंही मनात आणू नकोस. डॉक्टर पहिल्यापासून हेच सांगत होते, मीच ऐकत नव्हतो.

ते औषध टिकत का नाही, ते शोधून काढ. वेळ लागला तर लागू दे. तुझ्या तोंडून जी 'नाही' मी ऐकली, ती कोणासाठी मोडू नकोस. आईसाठी नाही, माझ्यासाठी तर मुळीच नाही.

रविवारी ये, वाट पाहतो. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, अशी आपल्याकडची रीत आहे. तू मात्र हात हलवत ये.

तुझा मामा,
सूर्यभान