घाण पाण्यापेक्षा मोठं काहीतरी

७ एप्रिल, संध्याकाळ
राजीनामा दिला. सही थोडी वाकडी आली, पण ते पेनमुळे.

बारा-तेरा वर्षं बुटीबोरीच्या कापड कारखान्यात रंगाचं घाण पाणी साफ करण्यात गेली. सकाळी निळं, दुपारी लाल. टाकीत घ्या, औषध टाका, गाळ काढा, स्वच्छ झालं की नाल्यात सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याला काय आयुष्य म्हणायचं? मागच्या रविवारी ऑनलाइन एक भाषण ऐकलं. वक्ता म्हणाला, स्वतःला विचारा, माझ्या कामाने जग बदललं का? मी विचारलं. आतून उत्तर आलं नाही. म्हणजे नाहीच.

मॅनेजर साहेबांना सांगितलं, मला पर्यावरणासाठी काहीतरी करायचं आहे. ते म्हणाले, मग इथे काय करत होता? छोट्या विचारांचा माणूस. वाद घातला नाही.

माझी ज्युनियर सोनिका रडेल असं वाटलं होतं. तिने लॅबची किल्ली मागितली आणि विचारलं, सर, तुमच्या जागी कोण येऊन राहिलं? म्हटलं, येईल कोणीतरी.

८ एप्रिल
घरी सांगितलं. माया धंतोलीच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, तिला धक्के पचवायची सवय आहे. तरी डबा भरता भरता थांबली. म्हणाली, सांगून तरी सोडायची होती. म्हटलं, आतला आवाज कोणाला विचारून येत नाही. ती म्हणाली, मले ड्यूटीले उशीर होऊन राहिला. गेली. विचार करायला वेळ हवा असेल.

बाबा पोस्टातून रिटायर झाले. नोकरी सांभाळून संध्याकाळी विहारात पोरांना गणित शिकवायचे, अजून शिकवतात. म्हणाले, प्रशिक, समाजाचं देणं फेडाले नोकरी सोडा लागते काय गा? मी समजावलं की त्यांची ती सेवा, माझं हे करिअर. करिअरमध्ये इम्पॅक्ट मोजता यायला हवा. बाबा म्हणाले, आमी नाही मोजला गा कधी. आणि चष्मा पुसत बसले. पटलेलं दिसलं.

१४ एप्रिल
जयंती. सगळे नातेवाईक भेटले. सध्या कुठे आहेस, हा एकच प्रश्न. सगळ्यांना सांगितलं, ट्रान्झिशनमध्ये आहे. मावसभाऊ म्हणाला, ट्रान्सपोर्टमध्ये चांगला स्कोप आहे, समृद्धी महामार्ग झाल्यापासून. दुरुस्त केलं नाही.

२ मे
प्रोफाइल नवीन केलं. पर्यावरणवादी, विचारवंत, बदलाचा प्रवासी. घाण पाण्याचा उल्लेख काढून टाकला. भूतकाळाचं ओझं नको.

निश्चय: हेड किंवा डायरेक्टरच्या खाली अर्ज करायचा नाही.

९ मे
पहिला इंटरव्ह्यू. गावांच्या तलावा-नाल्यांवर काम करणारी संस्था. प्रमुख शोभाताई. ऑफिस साधं, कूलरमध्ये पाणी नव्हतं. मी तयारी करून गेलो होतो, वीस स्लाइड. शोभाताई म्हणाल्या, लॅपटॉप राहू द्या, हप्त्यातले तीन दिवस गावात मुक्काम कराल का? म्हटलं, माझी ताकद स्ट्रॅटेजीत आहे. त्यांनी विचारलं, पाणी तपासता येतं का? म्हटलं, बुटीबोरीच्या कारखान्यात तेच करायचो, पण ते मी मागे सोडून आलोय. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. प्रभावित झालेल्या माणसाची नजर मी ओळखतो.

कळवतो म्हणाल्या.

१६ मे
कळवलं. नाही.

त्यांना माझी उंची झेपली नसती. बरंच झालं.

१८ मे, पलंगावर
आज फुटाळ्याला स्वयंसेवकांची तलाव-सफाई होती. संस्थांचे लोक येतात, नेटवर्किंग होतं. टोपी घालून गेलो नाही, कारण फोटोत चेहरा दिसत नाही. दोन पिशव्या कचरा उचलला, एक फोटो झाला, तिसऱ्या पिशवीला डोळ्यापुढे अंधारी आली. ऊन लागलं. ऑटोत टाकून धंतोलीला नेलं, नेमकं मायाच्याच हॉस्पिटलात. सलाइन तिनेच लावलं. डॉक्टरने विचारलं, काय करत होते उन्हात? माया म्हणाली, पर्यावरण वाचवून राहिले होते. डॉक्टर हसला नाही, पण बाजूच्या बेडवाला हसला. त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं. हसला म्हणून टाके दुखले. निसर्गाचा न्याय असतो.

१ जून
शांतपणे विश्लेषण केलं. चूक माझी नाही. हे क्षेत्रच अजून पिकलेलं नाही. माझ्यासारख्यांना आधी क्षेत्र तयार करावं लागेल. म्हणून मीच मार्गदर्शन वर्ग काढतो: 'हेतू शोधा, करिअर घडवा.' सीताबर्डीत मोबाइल कव्हरच्या दुकानावर एक खोली मिळाली. माया म्हणाली, जे आपल्याले सापडलं नाही ते लोकाले कसं शोधून देणार? म्हटलं, पोहायला शिकवणारा काठावरच उभा असतो. ती म्हणाली, त्याले पोहता येत असते.

बायका फार शब्दशः घेतात.

१५ जून
वर्ग झाला. उपस्थिती तीन. एक खालचा दुकानवाला, माझ्या बॅनरने त्याची पाटी झाकली हे सांगायला आला. एक मुलगी शेजारची इंग्लिश स्पीकिंगची खोली शोधत आलेली. तिसरा मात्र खरा. पूर्ण वेळ बसला. शेवटी त्याने विचारलं, सर, तुम्ही सध्या कुठे आहात? म्हटलं, हा चुकीचा प्रश्न आहे. तो म्हणाला, बरं. आणि गेला.

बीज पेरलं गेलं.

११ जुलै
शोभाताईंचा फोन. मला माहीत होतं, येणार. बुटीबोरीकडच्या एका गावाचा नाला लाल वाहून राहिला, लोक चिडलेत, तुम्हाला तिथल्या कापड कारखान्याची माहिती आहे, उद्या सोबत येता का? तज्ज्ञ म्हणून. शेवटी ओळखलं.

माझाच कारखाना आहे. माझाच म्हणजे जुना.

इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. स्लाइड चार ते नऊ पुरतील.

१२ जुलै
नाला लाल होता.

पुलाखाली बायका जमल्या होत्या. रंभाबाई म्हणून एक म्हातारी, तिच्या शेळ्या आठवड्यापासून हगवणीने पडल्या, त्यातली एक गेली. नातीच्या पायाला खाज सुटलेली, खाजवून रक्त काढलेलं. शोभाताईंनी माझी ओळख करून दिली, हे पर्यावरणतज्ज्ञ. रंभाबाईने नीट पाहिलं. म्हणाली, यायले तर मी ओळखतो. हे त्या फ्याक्टरीतले साहेब होय. पावसात छत्री घेऊन पुलावर उभे राह्यत, पाणी पाह्यत. मग मला म्हणाली, इतक्या वर्सात कधी तक्रार नोती भाऊ, तुमी हाय म्हणून. यंदा पावसात दिसले नाही. बदली झाली काय?

म्हटलं, नाही. नोकरी सोडली.

काहून गा?

उत्तर तयार होतं. स्लाइड चारवर तेच आहे. सगळ्या बायका बघत होत्या, नात माझ्या बुटाजवळ बसून पाय खाजवत होती.

म्हटलं, तब्येतीमुळे.

रंभाबाई म्हणाली, मंग आता बरी हाय ना?

१३ जुलै
लिहिण्यासारखं काही नाही.

१५ जुलै
एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. मी सोडलं म्हणून हे झालं नाही. कंपनीने माझी जागा भरली नाही म्हणून झालं. सोनिकाशी फोनवर बोललो. एप्रिलपासून ती एकटी. पहिल्या मोठ्या पावसात टाकी भरून वाहिली तेव्हा ती घरी होती, चोवीस तास एक माणूस किती थांबेल. कळल्यावर रंगखात्यात जाऊन तिने मशीन बंद करायला लावल्या. मॅनेजर ओरडला, तरी ती हलली नाही. तपासणीचे लोक आले, तेव्हा कुठे कंपनीला जाग आली. आता तीच प्लांटची इनचार्ज आहे.

मी तिला म्हटलं, छान हँडल केलं. ती म्हणाली, सर, दोघं असतो तर वाहिलंच नसतं.

हे तिचं मत झालं.

१८ जुलै
माया जेवताना म्हणाली, कारखान्यात जाऊन पाहा तरी. म्हटलं, मागे वळणं माझ्या स्वभावात नाही. ती म्हणाली, बुटीबोरी मागे नाही, वर्धा रोडनं सरळ पुढे आहे.

बाबा हसले. दोघं मिळालेले आहेत.

निश्चय: जायचं नाही.

२१ जुलै
गेलो. फक्त सल्ला द्यायला.

सोनिका माझ्या जुन्या खुर्चीत बसली होती. समोरच्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसलो, तिचा एक पाय हलतो. म्हटलं, कन्सल्टंट म्हणून विचार करता येईल. ती म्हणाली, कन्सल्टंट नको, शिफ्टले माणूस पाहिजे. मग म्हणाली, सर, राग मानू नका, सगळ्यायलेच विचारून राहिली, हे काम तुमाले काहून करायचं आहे?

पर्पजवर मी तासभर बोलू शकतो. सीताबर्डीच्या वर्गात बोललो आहे. तोंड उघडलं आणि म्हटलं, त्या पोरीच्या पायाला खाज सुटलीय.

तिने शिफ्टचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. इंटरव्ह्यूच्या दृष्टीने उत्तर फारच कमजोर. पुढच्या वेळी सुधारणा करावी.

१ ऑगस्ट
रुजू झालो. शिफ्ट ऑपरेटर. गमबूट एक नंबर मोठे मिळाले. दिवसभर टाकीवर. दुपारनंतर पाणी नितळलं, तेव्हा पुलापर्यंत चालत गेलो. कोणी नव्हतं. पाणी पाण्याच्या रंगाचं होतं. थोडा वेळ उभा राहिलो, कारण बूट चावत होता.

संध्याकाळी सोनिका मॅडमने, म्हणजे सोनिकाने, कागदावर सही घेतली. सहा महिने प्रोबेशन. हा प्लांट ज्याने उभा राहताना पाहिला त्याला प्रोबेशन. गप्प बसणारा मी नाही. स्पष्ट सांगितलं, सोनिका, गैरसमज नको, हे काम मी तात्पुरतं करून राहिलोय.

ती म्हणाली, हो सर. आमी बी तुमाले तात्पुरतंच ठेवून राहिलो.