चालकाच्या रकान्यात माझं नाव

२९ जुलै २००६, शनिवार

बुकिंग झालं. ॲलिस स्प्रिंग्जला मोटरहोम ताब्यात घ्यायची आणि आठवडाभर ऑस्ट्रेलियाच्या लाल वाळवंटातून हिंडायचं. गाडीतच पलंग, शेगडी, संडास. लांबी सात मीटर! सगळं माझ्या बायकोने, संजीवनीने, एकटीने केलं, स्क्रीनला भिंग लावून. चालकाच्या रकान्यात माझं नाव. अनुभव — वीस वर्षं.

मला गाडी चालवता येत नाही.

लायसन्स आहे. कॉलेजात असताना एका एजंटाने घरपोच आणून दिलेलं. इथे आल्यावर नुसती लेखी परीक्षा देऊन त्याचं सिंगापूरचं करून घेतलं. टॅम्पिनीसच्या घरून एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, बँकेत जाणाऱ्या माणसाला गाडी लागते कशाला? दहा वर्षांत कुणी विचारलं नाही.

३० जुलै

पण नाही म्हणणार कसं? डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलं — संजूच्या डोळ्यांचे पडदे झिजतायत, वर्षभर धरून चला, जे बघायचं ते बघून घ्या. संजू म्हणाली, "इतकी वर्षं समोरची इमारत बघितली. मध्ये काही न येता लांबपर्यंत बघायचंय एकदा." आणि मीच म्हणालो, "मी आहे ना, मी चालवतो." तोंडातून निघून गेलं.

५ ऑगस्ट

घरी सांगितलं, ऑफिसात काम आहे. गेलो ड्रायव्हिंग शिकायला. शिकवणारे लिम अंकल साठीचे असतील. म्हणाले, "यू गॉट लायसन्स, व्हाय लर्न?" म्हटलं, सवय गेली. पहिल्या दहा मिनिटांत गाडी चार वेळा बंद पाडली. "फर्गेट ऑल्सो नॉट लाइक धिस, लाह," अंकल म्हणाले. म्हणजे विसरलेला माणूसही असं चालवत नाही.

९ ऑगस्ट

राष्ट्रीय दिनाची सुट्टी. सगळ्या इमारतींना झेंडे. जेवताना इरा म्हणाली, "बाबा, यू शुअर ऑर नॉट? आय नेव्हर सी यू ड्राइव्ह, लाह." पोरगी चौदा वर्षांची झाली, खरंच कधी बघितलं नाही तिने. संजू लगेच तिला म्हणाली, "गोव्याला जीप नेलीय तुझ्या बाबांनी, घाटातून. तुला काय माहीत!"

ही थाप लग्नाआधीची. जीप रवींद्र, माझा मित्र, चालवत होता. मी शेजारी नकाशा धरून बसलो होतो. अठरा वर्षं ती थाप आमच्या घरात सुखाने नांदतेय. मान खाली घालून भात कालवला.

१२ ऑगस्ट

ॲडलेडहून हेमचंद्रचा, संजूच्या भावाचा फोन. "मी येतो, मी चालवतो, तुम्ही निवांत बाहेर बघा." फोन स्पीकरवर होता. मला फक्त 'ये' म्हणायचं होतं. संजू म्हणाली, "नको रे, आम्ही तिघंच जातो." मी पेपर उघडून बसलो. भित्रा आहे मी. दुसरा शब्द नाही.

१९ ऑगस्ट

चोआ चू कांगला, दफनभूमीकडच्या मोकळ्या रस्त्यावर. आज बरं चाललं होतं. वेग पन्नास, जरा छाती फुगलेली. डावीकडून सायकलवर एक आजोबा आले, हँडलला भाजीची पिशवी. मी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला! अंकलनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून. आजोबा मागे वळूनसुद्धा न बघता निघून गेले.

अंकलनी गाडी कडेला घ्यायला लावली. मग म्हणाले, "युअर फॅमिली नो ऑर नॉट?" घरच्यांना ठाऊक आहे का, असं.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटलाही ब्रेक असतो. तिकडच्या गाडीत नसेल. त्या सीटवर संजू असेल.

२० ऑगस्ट

आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

२४ ऑगस्ट

संजूच्या डोळ्यांची तपासणी. वाटलं होतं त्यापेक्षा भराभर चाललंय, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर संजू म्हणाली, "नऊच दिवस राहिले ना आता?" आणि चक्क हसली. स्टेशनच्या जिन्यावर तिने माझं कोपर घट्ट धरलं. माझ्या भरवशावर चाललीय ही! देवा, मला ताप येऊ दे, पाय मोडू दे, काहीही कर.

२७ ऑगस्ट, रविवार

सांगितलं. ती कणीक भिजवत होती. ऐकून घेतलं सगळं. मग विचारलं, "आणि गोव्याची जीप?"

"रवींद्र."

हात धुऊन खुर्चीवर बसली. "इराला घेऊन बसणार होते मी त्या गाडीत," एवढंच म्हणाली. कणीक तशीच राहिली. मी बाहेरून नूडल्स आणले. इराने एकटीने खाल्ले.

३० ऑगस्ट

हेमचंद्र येतोय. तोच चालवेल. मी म्हटलं, मी मागे बसेन, स्वयंपाक करीन, भांडी घासेन. संजू म्हणाली, "तुझं तिकीट रद्द केलंय. बघायचे दिवस थोडे राहिलेत, प्रबोध. ते तुझ्यावर चिडून नाही घालवायचे मला."

भांडली असती तर बरं झालं असतं.

२ सप्टेंबर, शनिवार

चांगी विमानतळावर सोडायला गेलो. दोघी आत गेल्या, मी काचेबाहेर उभा. मध्ये फार तर वीस पावलं. संजू वळली, माझ्या दिशेला बघत थांबली. मी हात हलवला. तिने हलवला नाही. वाटलं, राग अजून आहे. मग इरा तिच्या कानाशी काहीतरी बोलली, आणि संजूने हात उंच करून हलवला — माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघून.