आधी सगळं लिहून होऊ दे

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेले शब्द पाठ करतेय. संगणकाला ओर्दिनातर, बॅकअपला सोव्हगार्द, पासवर्डला मो द पास, इथवर ठीक. पण सॉफ्टवेअरला लोजिसिएल म्हणताना जिभेला गाठ बसते आणि आई आतून विचारते, घसा धरलाय का.

आमच्या सर्व्हर-रूमचं सगळं कामकाज, कुठलं मशीन बिघडलं तर काय करायचं इथपासून, साहेबांनी फ्रेंचमध्ये लिहून काढायला सांगितलंय. जो लिहील त्याला कंपनीच्या तुझ्या फ्रान्समधल्या ऑफिसात जागा आहे असं तू म्हणालास, म्हणून जीव काढून लिहितेय. इतकी वर्षं त्या गार खोलीत स्वेटर घालून बसले, आता खिडकीशी बसायला मिळेल. भाऊ बहिणीला बोलावून घेतोय, हे आईने गल्लीभर सांगून टाकलंय.

शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे संध्याकाळी बोलायचं फ्रेंचही शिकायला लागलेय. बदल्यात त्यांचा संगणक धड ठेवते.

बाकी क्षेम. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पानं वाचून इथले विभागप्रमुख खूश आहेत. शाळेत माझी चित्रं तूच रंगवून द्यायचीस, तेव्हापासून तुझ्या हाताला वळण आहे.

बोलायचं फ्रेंच शिकण्यात वेळ घालवू नकोस, ते इथे आल्यावर येईल. कामाचे शब्द आले म्हणजे पुरे. आणि लिहिताना हात आखडू नकोस. ज्या बारीकसारीक खुबी तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत, त्याही घाल. व्हिसाचं, राहण्याचं मागाहून बघू.

आईला सांभाळ. पत्र पाठवत जा.

तुझा
दादा

२२ मार्च

दादास,
नमस्कार.

काल मीटिंगला पडद्यावर तुम्ही सगळे होतात आणि इकडे साहेब नि मी. थोड्या वेळाने तुम्ही आपसात फ्रेंच बोलायला लागलात. मला फक्त मशीनचे शब्द येतात असा तुझा समज होता. बाईंकडे जाणं मी सोडलं नव्हतं. तुला चकित करायचं होतं.

विभागप्रमुखांनी तुला विचारलं, तिची सर्व्हर-रूम जूनमध्ये बंद होतेय हे तिला माहीत आहे का. तू माझ्याकडे बघून हसलास आणि त्यांना म्हणालास, "तिला अजून सांगू नका. आधी सगळं लिहून होऊ दे." मग काम तिकडे हलवायची कल्पना तुझी, म्हणून त्यांनी तुझी पाठ थोपटली. तू हसलास म्हणून मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

तिकडे माझी जागा होती का कधी, तेवढं कळव.

भिंगरी

३० मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तू समजतेस तसं नाही. काम हलणारच होतं. मी सुचवलं नसतं तर दुसऱ्याने सुचवलं असतं आणि माझीही खुर्ची गेली असती. जागेसाठी मी शब्द टाकला होता, जमलं नाही. मला दोन मुलं आहेत, तुझ्यामागे काय आहे? तुला चुटकीसरशी दुसरी नोकरी मिळेल, आता तर फ्रेंचही येतं.

मशीन बंद करायच्या क्रमाचं शेवटचं प्रकरण राहिलंय, ते पाठव. आईला इतक्यात काही बोलू नकोस, तिला सोसणार नाही.

राग मनात ठेवू नकोस.

दादा

८ एप्रिल

दादास,

शेवटचं प्रकरण पाठवलंय. काम अर्धवट टाकलं तर मला चैन पडत नाही, आणि हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

माझ्यामागे काय, असं विचारतोस. माझ्यामागे आई आहे. तुझी जुनी बॅग पुसून तिने त्यात माझे गरम कपडे भरायला घेतलेत. तिकडे थंडी फार, म्हणते. तिला मी काही बोलणार नाही. रविवारी तुझा फोन आला की तूच सांग. मी तिच्यासमोर बसून ऐकणार आहे.

लोभ होता म्हणूनच इतकं लागलं. आता तो मागू नकोस.

बहीण