निरोपाची वही

मळा, नाशिक
१० फेब्रुवारी २००४

प्रिय सुवर्णा,

हे अक्षर पाहून तू बुचकळ्यात पडशील. आजवर आपल्या घरून तुला ओझरला आलेलं प्रत्येक पत्र शुभीने लिहिलं आणि मी खाली नुसतं नाव घातलं. हे मात्र माझं एकटीचं आहे. तीन दिवस लिहिते आहे. शुभीला दाखवलेलं नाही, तेव्हा चुका असतील त्या पोटात घाल. मी तुझ्या पुष्कळ घातल्या आहेत.

इकडे सगळी बरी आहेत. शेवंती संपत आली, गुलाबाच्या वाफ्यांची छाटणी झाली. तुझा साई दुसरीत गेला ना? सात वर्षांचा झाला म्हणजे. माझी शुभी तेव्हा एवढीच होती, हे गेले आठ दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

शुभीचं डोकं दुखतं म्हणून डिसेंबरात तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, एवढं तुला कळवलं होतं. पुढचं कळवलं नाही. डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या पाटीवरचं वाचायला सांगितलं. तिला सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षरही सांगता येईना. मी मागे दाराशी उभी होते. मला आता वाचता येतं, आणि ते अक्षर मला दारातून स्पष्ट दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा लहानपणीच आळशी झाला. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लावून चांगला डोळा रोज काही वेळ पट्टीने झाकला असता तर बहुतेक सुधारला असता. आता फारशी आशा नाही. मग त्यांनी विचारलं, शाळेत कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? मला तेवढंच पुरलं. घरी येईपर्यंत मी तरन्नुमबाईंच्या नावाने बोटं मोडत होते. दुसरीला वर्षभर पोरगी त्यांच्या समोर बसली आणि त्यांना एवढं दिसू नये? ह्यांनी अर्ज लिहवून घेतला, मी ठसठशीत सही केली. सही करता येते याचा तेव्हा मला केवढा अभिमान वाटला, काय सांगू. तालुक्याच्या ऑफिसने बाईंची चौकशी लावली आहे. येत्या सोमवारी आहे.

तुला ती निरोपाची वही आठवत असेलच. शहाण्णव सालच्या जूनमध्ये बाईंनी पालकांना शाळेत बोलावलं होतं. मला पहाटे फुलं घेऊन बाजार गाठायचा असायचा, आणि खरं सांगायचं तर शाळेची पायरी चढायची मला लाज वाटायची. तू बारावी शिकलेली. म्हटलं, माझी धाकटी जाऊ आहे ना, तीच जाईल. तू जाऊन आलीस आणि बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलंस. मूल माझ्याकडे पाच तास असतं, बाकीचा वेळ तुमच्याकडे. मला दिसेल ते मी वहीत लिहीन, तुम्हाला दिसेल ते तुम्ही लिहा, म्हणजे दोघींच्या नजरेतून काही सुटणार नाही. मला ते फार पटलं होतं. दर शनिवारी वही घरी यायची, सोमवारी परत जायची. मी फुलांचे हार करत बसायची आणि तू शेजारी बसून वाचून दाखवायचीस. शुभीचं लक्ष नसतं, बाई म्हणतात जरा दरडावा. उतरवून घेताना चुका करते, बाई म्हणतात घरी बसवून लिहून घ्या. मी दरडावलं. पुस्तक नाकाशी धरून मान वाकडी करते म्हणून दोनदा तिच्या पाठीत धपाटे घातले. ती रडायची नाही, मान आणखी वाकडी करायची. तेव्हा तू मध्ये पडून तिला उचलून घेतलंस आणि मला वाटलं, माझ्यापेक्षा हिलाच पोरीची माया जास्त.

अर्ज करूनही माझं समाधान होईना. तोंडावर बोलल्याशिवाय चैन पडणार नव्हती, म्हणून गेल्या सोमवारी एसटीने वणीला गेले. बाई आता तिकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत आहेत. केस पांढरे झाले आहेत, बाकी तशाच. मी मुलांसमोर त्यांना वाटेल ते बोलले. तुम्ही पगार कसला घेता, इथपर्यंत बोलले. त्यांनी एकदाही मला अडवलं नाही. मी दमले तेव्हा त्यांनी मला ऑफिसात नेलं, पाणी दिलं आणि चौकशीसाठी काढून ठेवलेली वही माझ्यापुढे उघडली. म्हणाल्या, "कलाबाई, मी प्रत्येक वेळी कळवलं होतं. हे उत्तर तुम्हीच लिहिलंत ना?"

मी वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द. ऑगस्टात बाईंनी लिहिलं होतं की शुभांगी वाचताना मान तिरकी करते, उजवा डोळा झाकला की तिला फळ्यावरचं दिसत नाही, डॉक्टरांना लवकर दाखवा. खाली उत्तर होतं, दाखवले, काळजीचे कारण नाही. त्याखाली माझं नाव. दसऱ्यानंतर बाईंनी पुन्हा लिहिलं होतं, वय निघून जाईल, हवे तर मी सोबत येते. खाली उत्तर, औषध चालू आहे, फरक आहे, आपण तसदी घेऊ नये. पुन्हा माझं नाव. अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. तुझी आंतर्देशीय पत्रं मी दोन वर्षं वाचते आहे. बाई म्हणाल्या, तुमचं अक्षर इतकं देखणं की मी ते बाकीच्या आयांना दाखवायची. त्या एकदा घरीही येऊन गेल्या होत्या म्हणे. तू अंगणातच चहा-बिस्किटं दिलीस आणि कलाबाई बाजारात गेल्यात म्हणालीस. बिस्किटाचा फोडलेला पुडा मला आठवतो, मी विचारलंही होतं. मी त्या दिवशी विहिरीपलीकडे झेंडू खुडत होते, हाकेच्या अंतरावर. मला लिहिता येत नव्हतं हे कळल्यावर बाई डोळे पुसत म्हणाल्या, मी तेवढं शेतापर्यंत चालत जायला हवं होतं.

तू असं का केलंस, याचा मी खूप विचार केला. तुला सहावा महिना होता. झेंडूचा हंगाम तोंडावर. मी पोरीला घेऊन दवाखान्याच्या खेपा घातल्या असत्या तर चूल, गोठा, खुडणी सगळं तुझ्यावर आलं असतं. दसऱ्यानंतर सांगू, असं तू मनाशी म्हटलं असशील. पहिलं खोटं मला समजतं, सुवर्णा. तेवढ्यासाठी मी तुला चार शब्द बोलून माफही केलं असतं. पण "फरक आहे" हे तू कोणत्या मनाने लिहिलंस? माझ्या शेजारी बसून लिहिलंस. मी तुझ्यासाठी डिंकाचे लाडू वळत होते आणि तू माझं नाव लिहीत होतीस. बाळंतपणात तुला मी तळहातावर ठेवलं, ते तू कसं घेतलंस गं? आयुष्यात माझं इतकं वाईट कुणी केलेलं नाही, आणि माझं इतकं लाडकंही दुसरं कुणी नव्हतं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. चंदर भाऊजींचा संसार मोडायचा का म्हणतात. सोमवारी घरचे सगळे एकच सांगणार आहेत, की शहाण्णव साली कलाबाईला सही येत नव्हती हे गावाला ठाऊक आहे, म्हणजे ही उत्तरं बाईंनीच आता स्वतःला वाचवायला लिहून काढली. माझं अडाणीपण त्यांच्या गळ्यात बांधायचं. ज्या एका बाईने माझ्या लेकीचा डोळा वेळेवर पाहिला, तिची नोकरी माझ्या सहीने जायची.

म्हणून हे पत्र. माझी समजूत घालायला येऊ नकोस, रडूही नकोस. एका कागदावर तुझ्या त्याच सुंदर अक्षरात लिही, की वहीतली उत्तरं मी लिहिली आणि कलाबाईला त्यातलं काही माहीत नव्हतं. खाली या वेळी तुझं नाव घाल. शनिवारपर्यंत कागद आला नाही तर सोमवारी तुझी सगळी पत्रं पिशवीत घालून मी एकटी ऑफिसात जाईन आणि वहीशेजारी मांडीन. हे घरात घेतील की नाही, ते नंतर बघू. शुभीला अजून काही सांगितलेलं नाही. ती काल विचारत होती, सुट्टीत काकूकडे कधी जायचं. तिला काय सांगायचं, तेही त्या कागदावर लिही. मी वाचून दाखवीन, एकही शब्द न बदलता.

तुझीच,
कलाबाई