अहीर कुठे वळतात

१४ ऑक्टोबर
पेपर स्वीकारला! सहा वर्षांनी! ईमेल तीनदा वाचली. पाताळगंगा नदीतले बोटभर अहीर, सापासारखे लांबुळके मासे, पृथ्वीच्या चुंबकत्वावर दिशा धरतात — हे मी सांगणार, पनवेलच्या कॉलेजात तासांवर शिकवणारी बाई! आता कायम जागेच्या मुलाखतीत दाखवायला काहीतरी आहे.

अहीर धरून देणाऱ्या तुळशीरामदादांना आपट्याला फोन केला. म्हणाले, "रंजिताताई, आमाला पयल्यापासून ठावं हाय. अहीर वाट चुकत नाय." मग मी सहा वर्षं काय केलं!

१९ ऑक्टोबर
टाकी धुताना हात वेटोळ्याला लागला. गरम!

तारेच्या या वेटोळ्यात वीज सोडली की टाकीतली चुंबकीय उत्तर दिशा फिरते आणि अहीरही फिरतात — हाच तर सगळा प्रयोग. पण एका बाजूचं पाणी कोमट होत असेल आणि अहीर नुसतेच त्यापासून पळत असतील तर?

थर्मामीटर लावला. वेटोळ्याच्या बाजूला अर्धा अंश जास्त.

जेवले नाही.

२० ऑक्टोबर
पळस्प्याला धर्मराज सरांकडे गेले. माझे गाइड, निवृत्त झाले तरी धाक तोच. सगळं ऐकलं, उठून पुस्तकांचं कपाट बंद केलं. "अर्धा अंश कोण बघतंय? गप्प बस. मुलाखत होऊ दे."

पोहे तसेच ठेवून निघाले.

२१ ऑक्टोबर
पेपर मागे घेतला. कारण जसंच्या तसं लिहिलं. सरांना कळवलं.

२८ ऑक्टोबर
स्टाफरूममध्ये फिजिक्सच्या मुबीनाला सांगितलं. ती हसलीच — "अगं, तार दुहेरी गुंडाळ ना! दोन्हींत वीज एकाच दिशेने सोडली की चुंबकत्व. उलटसुलट सोडली की दोघी एकमेकींना मारतात, चुंबकत्व शून्य. तापतात मात्र दोन्ही वेळा सारख्याच. या अल्लाह, इतकी सोपी गोष्ट!"

सहा वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खातोय!

३ नोव्हेंबर
नवं वेटोळं तयार. बटण मुबीनाकडे. कधी काय चालू, ते तिच्या वहीत. मला सांगायचं नाही. मी फक्त अहीर कुठे वळला ते लिहायचं.

२२ नोव्हेंबर
मुलाखत. "प्रकाशित संशोधन?" — "मागे घेतलं." "का?" सांगितलं. एक बाई पुढे झुकून ऐकत होत्या. बाकीचे घड्याळ बघत होते.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. घरी येऊन रडले. मग अहिरांना खायला घालायला परत कॉलेजात गेले.

६ डिसेंबर
शेवटच्या अहिराची चाचणी झाली. दोघींच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या. चुंबकत्व असताना चाळीसपैकी एकतीस फिरवलेल्या उत्तरेप्रमाणे वळले! नुसती ऊब असताना बहुतेक सगळे आपले नेहमीसारखे पूर्वेलाच. म्हणजे ऊब नव्हेच! दोघी इतक्या ओरडलो की शिपाई धावत आला.

सरांना दोनच ओळी पाठवल्या.

७ डिसेंबर
अहीर आपट्याला नेऊन सोडले. तुळशीरामदादा — "मी काय बोल्लो व्हतो?"

९ डिसेंबर
सर आले. स्वतः, प्रयोगशाळेत. हातात स्वतःचा चाळीस वर्षांपूर्वीचा प्रबंध, मासे दिशा कशी धरतात त्यावरचा. "माझंही वेटोळं एकेरीच होतं, रंजिता. तू सांगितलंस त्याच क्षणी कळलं. म्हणून तुला गप्प बस म्हणालो." मग खाली बघत — "तुझ्या टाकीशेजारी माझी एक मावेल का?"