भोकं बुजवलेली भिंत

आई, तळ्याकडची आपली भिंत पोटातून फुगली आहे. पोळ्याच्या आधीपासून पावसाची झड लागली होती, तेव्हा लक्षात आलं नाही. आता उघडीप पडली तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी चीर दिसते. आधी नख जाईल एवढी होती, आता करंगळी जाते. उठता-बसता मी बोट घालून पाहते. तुझा जावई वैतागतो. "बोट घालू घालू तूच वाढवून राह्यली ते!" मला हसू येत नाही. त्याच कोपऱ्यात तुझी नात झोपायची, तू न पाहिलेली. तिची गादी मी पुढच्या खोलीत हलवली आहे, तरी जीव थाऱ्यावर नाही. तळं भरलं की काठाची माती ढेकळा-ढेकळानं पाण्यात जाते, आणि आपलं घर त्या काठावरच आहे. भिंत गेली तर मागोमाग तुझी चूल जाईल.

ती भिंत तू कशी उभी केलीस ते मला आठवतं. सरपण काढताना साप चावून बाबा गेले, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शेजारच्या बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा तू हात मागे घेतलास. "आपल्यात नाही हे. बाबासाहेबानं सोडवलं ना यातून?" म्हणालीस, आणि नंतर एकटीनं त्या काढून डब्यात ठेवल्यास. पुढं भिंत झाली. गवंड्यानं खालच्या अंगाला जागोजागी भोकं ठेवली. तू कंबरेवर हात ठेवून उभी आहेस, मी तुझ्या पदराला धरून.

"हे भोकं कायले ठेवले?"

"बाई, मांगच्या पान्याले वाट लागते."

"त्याची वाट माह्या चुलीपावतर येते. सापाले घर बांधून देतं काय?"

गवंडी गेल्यावर तू उरलेलं सिमेंट कालवलंस, उंदरांनी पोखरू नये म्हणून त्यात काच कुटून टाकलीस आणि एकूण एक भोक बुजवलंस. त्या दिवसापासून तुला झोप लागायला लागली. मलाही.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी छिन्नी-हातोडी घेऊन खाली उतरले. भोकातलं एक बूच ठोकून काढलं, तशी आतून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली आणि मी कोपरापर्यंत भिजले. पाणी वाहतच राहिलं, स्वयंपाक झाला तरी थांबलं नाही. आपली काळी माती इतकी वर्षं पाणी पिऊन फुगत होती आणि भिंतीला आतून ढकलत होती. मला तुझा राग आला, आई. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. मग हातातलं बूच धुतलं, तर सिमेंटात हिरवी काच चमकली. नीट पाहिलं. तुझ्याच बांगड्या. कुणाला फोडू दिल्या नाहीस आणि स्वतः कुटून भिंतीत घातल्यास. मी तिथंच चिखलात बसून रडले.

तेव्हापासून नवी भिंत कोणती घालायची यावर घरात रोज वाद. तुझ्या जावयाला काँक्रीटची हवी. "टाकून देऊ एकडावची, कटकट मिटते." ठेकेदार काठावर फिरून आला आणि मान हलवत राहिला. "आता पाया खोदाले गेलो त आहे तेच भिंत आंगावर येईन. तारेच्या जाळीत दगड भरू, पायऱ्या-पायऱ्यानं रचू, तिले टेकन देऊ. पानी दगडातून निंघून जाते."

"अन् साप?" मी विचारलं.

"ताई, दगड म्हटले म्हंजे साप आलाच," तो सरळ म्हणाला. त्याच्या सरळपणाचाही मला राग आला.

म्हणजे काय, तर तू बुजवलेल्या मूठभर भोकांच्या जागी मी भोकांचीच भिंत मागवायची. काँक्रीट निवडावं तर खोदतानाच घर खचेल. जाळी निवडावी तर पोर दिवसभर अंगणात खेळते. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, असं स्वतःला विचारते, आणि दर वेळी उत्तर एकच येतं: बुजवली असती.

काल जाळीच्या भिंतीला हो म्हटलं. दगडाची पहिली ट्रॉली येऊन पडली आहे. उरलेली बुचंही मीच काढली, मजुरांना हात लावू दिला नाही. हे तुला कुठं पाठवणार? लिहून डब्यात ठेवते आहे, तुझ्या त्याच डब्यात.

एक मात्र सांगायचं राहिलं. सगळी बुचं मी टाकली नाहीत. एक मोरीच्या भोकात लावून पाहिलं, घट्ट बसलं. सकाळी काढते, दिवेलागणीला लावते. तेव्हा कुठं मला झोप लागते.